चीनच्या मंडईत भाजी कशी घ्यावी : सांगलीच्या भाजीवालीच्या लेकीकडून

माझी आई सांगलीत मारुती रोडला बावीस वर्षं भाजी विकत होती. कृष्णाकाठची वांगी, मेथी, कोथिंबीर, मोसम असेल तर घेवडा. शाळा सुटली की मी तिच्या बुट्टीमागं गोणपाटावर बसून गृहपाठ करायचे. कोणती जुडी वर मांडायची, कोणती खाली सारायची, पाणी किती वाजता मारायचं, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. थोडक्यात, बाजार मी विकणाऱ्याच्या बाजूला बसून शिकले. परदेशात भाषा येत नसताना याचाच उपयोग झाला.

2023 च्या सप्टेंबरात नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही चीनमध्ये सुजौला गेलो. शांघायपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरचं कालव्यांचं शहर. दीड वर्ष राहिलो. आता विश्रामबागेतली माझी भाची लग्न होऊन त्याच भागात चाललीय. रोज रात्री तिचा फोन, ‘मावशी, तिथं भाजी मिळते का?’ मिळते गं बाई, आपल्यापेक्षा चार जास्तच मिळतात. घ्यायची कशी ते एकदाच सगळं लिहून काढते. दुसरं कुणी जाणार असेल तर त्यालाही उपयोगी पडेल.

आधी एक प्रश्न निकाली काढते, कारण परत आल्यापासून सांगलीत भेटेल तो तोच विचारतो : ‘तिकडं वटवाघळं विकायला असतात म्हणे?’ मला दीड वर्षात एकही दिसलं नाही. जमिनीवरचे रानटी प्राणी खाणं आणि त्यांचा त्यासाठीचा व्यापार यांवर फेब्रुवारी 2020 मध्ये तिथं बंदी आली. पाळलेले बेडूक आणि कासवं मात्र मासळीच्या बाजूला दिसतील. जिवंत कोंबड्यांचा बाजारही बर्ड फ्लूच्या 2013 मधल्या साथीनंतर अनेक शहरांत बंद झाला. टीव्हीवर दाखवतात ते चित्र डोक्यातून काढा. माझ्या घराजवळची मंडई फरशी बसवलेल्या दुमजली इमारतीत होती, वर नंबर घातलेले गाळे, खाली मासळी. तिला ‘त्साय शछांग’ म्हणतात. ‘त्साय’ म्हणजे भाजी, आणि ताटातल्या कालवणालाही तोच शब्द. फरशी कायम ओली असते, तेव्हा घसरणारी चप्पल घालून जाऊ नका.

जायचं कधी

सकाळी सहा-साडेसहाला. तिथली म्हातारी माणसं चाकाची पिशवी ओढत त्याच वेळी येतात, आणि चांगला माल साडेआठच्या आत तेच उचलतात. दहानंतर बाजार पेंगतो. संध्याकाळी चारनंतर पुन्हा थोडा जागा होतो, तेव्हा पालेभाजी स्वस्त मिळते, पण सकाळपासून पाणी पिऊन पिऊन ती जड झालेली असते. आई म्हणायची, ‘चार वाजता भाजी घेणारा पाणी इकत घेतो.’ सुजौतही हे जसंच्या तसं लागू पडतं.

पहिल्यांदा गेलात की पैसे बाहेर काढू नका. हात मागं बांधून पूर्ण चक्कर मारा. कुठल्या गाळ्यापुढं म्हाताऱ्या बायका थांबतात ते बघा. जिथं त्या एकमेकींशी भांडत जुड्या निवडतात, तो गाळा तुमचा. जिथं माल चकाचक रचलाय आणि समोर कुणी नाही, तिथं परत जायचं कारण नाही.

जिन, ल्यांग आणि माझी फजिती

पहिल्या दिवशी मी छिंग त्साय घेतली. आखूड, गुबगुबीत देठांची हिरवी पालेभाजी, सुजौचं रोजचं अन्न. पाटीवर 4 लिहिलं होतं. मी एक बोट दाखवलं. माझ्या मनात एक किलो. बाईनं पिशवी भरली, चार युआन घेतले. म्हणजे तेव्हाच्या भावानं पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस रुपये. घरी काट्यावर ठेवली तर अर्धा किलो भरली. भाजीवालीची लेक मी, आणि मलाच काटा मारला! दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन तणतणत गेले. त्या बाईनं एक शब्द न बोलता माझ्या दंडाला धरलं, बाजाराच्या दाराशी नेलं आणि तिथल्या एका काट्यावर पिशवी ठेवली. 0.50. मग फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर काहीतरी बोलून पडदा माझ्यापुढं धरला : ‘एक जिन म्हणजे पाचशे ग्रॅम. तुम्ही एक मागितले.’

तेव्हा हे पाठच करा. पाटीवरचा भाव बहुतेक वेळा ‘जिन’चा, म्हणजे अर्ध्या किलोचा असतो. एक किलो हवा असेल तर ‘ल्यांग जिन’ म्हणजे दोन जिन मागायचं, पाव किलोला ‘बान जिन’. जिनचे दहा ‘ल्यांग’, म्हणजे एक ल्यांग पन्नास ग्रॅम. आलं, लसूण, मिरची या मापात घ्या. (दोन या आकड्यालाही ‘ल्यांग’च म्हणतात. सुरुवातीला डोकं चक्रावतं.) पूर्वी जिनचे सोळा ल्यांग असत, 1959 मध्ये दहा केले. माझ्या आजीच्या तोंडी शेर आणि शेराचे सोळा छटाक असायचे, आणि आपल्याकडं किलो आला तो 1958 पासून. म्हणजे दोन्हीकडच्या आज्या एकाच सुमाराला हिशोबात गोंधळल्या असणार.

तो दाराशी असलेला काटा म्हणजे ‘गुंगफिंग छंग’, न्यायाचा काटा. बऱ्याच मंडयांत बाजाराच्या व्यवस्थापनानं तो ठेवलेला असतो, गिऱ्हाइकानं फुकट वजन करून बघावं म्हणून. शंका आली तर भांडू नका, शांतपणे त्याच्याकडं चालायला लागा. खोट असेल तर तुम्ही पोचायच्या आत दोन बटाटे जास्त पडतात. आणि हो, मी त्या बाईला खोटं ठरवायला गेले होते, पुढं तीच माझी कायमची भाजीवाली झाली.

आकडे कानांनी ऐकू नका, बोटांनी बघा. चार म्हणजे ‘स्स’ आणि दहा म्हणजे ‘श्र’, आणि सुजौकडच्या माणसांच्या तोंडी ‘श’चा ‘स’ होतो. पहिल्या आठवड्यात दहाचं कारलं मी चारचं समजून उभी होते. पाचपर्यंत आपल्यासारखीच बोटं. पुढं सगळं एका हातावर : सहाला अंगठा आणि करंगळी ताठ, बाकीची मिटलेली. सातला बोटांची टोकं चिमटीत जुळवायची. आठला अंगठा आणि तर्जनी बंदुकीसारखी. नऊला तर्जनी आकड्यासारखी वाकवायची. दहाला दोन तर्जनींची फुली, नाहीतर मूठ. दोन दिवस आरशापुढं सराव करा, हसू येतं पण जमतं.

पैशांचं थोडक्यात. प्रत्येक गाळ्यावर दोन चौकोनी कोड टांगलेले असतात, निळा अलीपेचा, हिरवा वीचॅटचा. स्कॅन केलं की पेटीतून बाई ओरडून रक्कम सांगते, अगदी आपल्या चहाच्या टपरीवर ओरडते तशीच. आपलं यूपीआय तिथं चालत नाही. 2023 च्या उन्हाळ्यापासून परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही ॲपना जोडता येतात. एका वेळी दोनशे युआनपर्यंत वेगळा आकार नाही, त्यावर तीन टक्के. भाजीला दोनशेच्या वर कोण जातंय! पण निघण्यापूर्वी इथल्या बँकेत जाऊन कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या, नाहीतर पहिल्याच गाळ्यावर पुतळ्यासारखे उभे राहाल. रोख नाकारायला तिथं कायद्यानं बंदी आहे, तेव्हा पाच-दहाच्या नोटा जवळ असू द्या.

घासाघीस? भाजीच्या गाळ्यावर फारशी नाही. भाव लिहिलेला असतो आणि बहुतेक सरळ असतो. वरची चिल्लर सोडतात. त्यांची आणि आपली एक रीत मात्र एकच : हिशोब झाला की पातीच्या कांद्याच्या दोन काड्या पिशवीत फुकट पडतात. आपल्याकडं कढीपत्ता आणि मूठभर कोथिंबीर वर टाकतात, तसंच. नाही पडल्या तर कांद्याकडं बघून हसा. मागायला शब्द लागत नाही.

पालेभाजी बघायची कशी

‘ढिगाचं तोंड बघू नको, बूड बघ.’ हे आईचं. छिंग त्साय, पालक, कोथिंबीर काहीही असो, देठाचा कापलेला भाग वर करून बघा. पांढरा-हिरवा आणि ओलसर असेल तर आजचा माल. तपकिरी पडलाय पण वर पानं टवटवीत दिसतात, तर कालच्या मालावर पाणी मारलंय. कापलेल्या टोकावर पुन्हा पातळ चकती कापून ‘ताजं’ करायची युक्तीही आहे. ती आई करायची, तेव्हा मी कुणाला नावं ठेवत नाही. अशा वेळी बाहेरचं पान मुळाशी जरा वाकवा. ताजं पान कट्टकन तुटतं, शिळं लवतं. आणि घेण्याआधी जुडी झटका, पाण्याला कशाला पैसे द्यायचे!

छिंग त्साय हिवाळ्यात घ्या. थंडीत दहिवर गोठून पडलं की ती गोड होते, आणि तिथल्या बायका कडाक्याच्या थंडीची वाटच बघत असतात. जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत संततधार असते, तेव्हा पालेभाजी महाग आणि सडकी. त्या दिवसांत भोपळावर्गाकडं वळा.

काय ओळखीचं मिळेल? लाल माठ, त्याला ‘श्येन त्साय’ म्हणतात. उन्हाळ्यात ढिगानं येतो. नाळीची भाजी म्हणजे ‘खुंग शिन त्साय’, पोकळ देठाची. घोसाळं, कारलं (फिकट हिरवं, मोठ्या गाठींचं, आपल्याहून कमी कडू), कोहळा, चवळीच्या हातभर शेंगा. कोहळा अख्खा घ्यावा लागत नाही, बोटानं जाडी दाखवली की तेवढी चकती कापून देतात. वांगं लांब, जांभळं, पातळ सालीचं, भरली वांगी करायचा नाद सोडा. त्याचं भरीत बरं होतं. आमच्या कृष्णाकाठच्या वांग्याची सर कशालाच नाही, पण हे मी सांगलीची म्हणून बोलणारच.

मोठी हिरवी मिरची तिखट नसते. तिखट हवी तर बोटभर लालसर ‘श्याओ-मी-ला’ मागा, आणि जपून. कोथिंबीर मुळांसकट मिळते, पण तिथले लोक दोन काड्या घेतात. मी चार जुड्या उचलल्या की बाकीच्या बायका थांबून बघायच्या. कढीपत्ता, शेवगा, गवार, तूरडाळ विसरा. धान्याच्या गाळ्यावर अख्खे मूग, शेंगदाणे आणि लाल साखरेच्या वड्या मिळतात. ही लाल साखर उसाचीच, पुरणपोळीला गुळाच्या जागी चालते. हळद मात्र भाजीबाजारात शोधू नका, ती तिकडं औषधाच्या दुकानातली वस्तू. सांगलीची नेलेली पुरवून पुरवून वापरा.

फरसबी घेतलीत तर एक लक्षात ठेवा : हिरवीगार कुरकुरीत ठेवायच्या नादात अर्धी कच्ची खाऊ नका. अर्धवट शिजलेल्या फरसबीची विषबाधा तिथं नेहमीची आहे. रंग उतरेपर्यंत शिजवा. वाळलेली काळी अळंबी आणलीत तर ती तास-दोन तास भिजवून लगेच करा. रात्रभर, त्यातही उन्हाळ्यात, भिजत ठेवल्यानं जिवावर बेतल्याच्या घटना तिथं झाल्या आहेत.

पाण्यातल्या भाज्या

सुजौची खरी श्रीमंती इथं आहे. आजूबाजूला तळी आणि पाणथळ शेतं, आणि त्यांतल्या आठ भाज्यांना ते लोक ‘पाण्यातले आठ देव’ म्हणतात. उपवास करणाऱ्या मराठी माणसाला तर हा बाजार म्हणजे पर्वणी. त्यांत शिंगाडा आहे, कमळकाकडी आहे आणि ओला मखाणा आहे!

मखाण्याला तिथं ‘जी-थोउ-मी’ म्हणतात, शब्दशः ‘कोंबडीच्या डोक्याचे दाणे’. फळाचा आकार तसा असतो म्हणून, बाकी कोंबडीचा संबंध नाही. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत फंगमन हंग-ज्ये नावाच्या जुन्या बाजारगल्लीत बायका ओळीनं बसून बोटाला धातूची नखं लावून एकेक दाणा सोलतात. मी त्यांच्यापुढं पहिल्यांदा उभी राहिले आणि बाजूला सरकलेच नाही. तासन् तास पाठ वाकवून, मान वर न करता सोलत होत्या. आई घेवडा सोलून वाटे लावायची तेव्हा तिची पाठ तशीच दिसायची. म्हणून इथं मी भाव केला नाही. मी घेतला तेव्हा जिनला शंभर युआनच्या वर होता. सोललेला घेताना दाणा मोत्यासारखा, अखंड आणि पाणी स्वच्छ असलेला बघा. उकळत्या पाण्यात मिनिटभरच, जास्त शिजला तर रबर. आपला फुगवलेला मखाणा कुरकुरीत, हा मऊ आणि चिवट यांच्या मधला. नवरात्रात साखर-वेलदोड्याच्या दुधात घातला.

शिंगाडा शरद ऋतूत येतो. तो दातानं सोलून कच्चा खाण्याचा मोह टाळा. पाणवनस्पतींच्या सालीवरून पोटात चपटे जंत जातात. उकडूनच खा.

कमळकाकडी धुतलेली पांढरीशुभ्र मांडलेली असते आणि शेजारी चिखलानं माखलेली. चिखलाची घ्या. दोन्ही टोकांना गाठ बंद असलेला तुकडा घ्या, नाहीतर आतल्या भोकांत गाळ भरलेला असतो आणि तो घरी काढताना तुम्हाला माझी आठवण येईल. सात भोकांची पिठूळ, रश्शाला चांगली. नऊ भोकांची कुरकुरीत, परतायला चांगली, असा तिथला ठोकताळा आहे. भोकं मोजायला गाळ्यावर कापून मागा, कापतात.

आणि ‘जिआओ-बाय’. बाहेरून कोवळ्या कणसासारखं हिरव्या पानांत गुंडाळलेलं, आत पांढरा, जाड, गोडसर दांडा. ही एका जंगली भाताची खोडं, आणि ती फुगतात काणी या पिकावरच्या रोगाच्या बुरशीमुळं. आमच्या वडिलांच्या उसात चाबूक काणी आली की ते बेट उपटून जाळायचे. तिच्याच कुळातली बुरशी इथं मुद्दाम पोसून लोक भाव देऊन खातात. ऐकून वडील दहा मिनिटं फोनवर गप्प होते. आखूड, भरीव, पांढरं घ्या. कापल्यावर आत काळे ठिपके दिसले तर जून झालंय. उभे काप करून जिरं-मिरचीवर परता.

बांबूचे कोंब वसंतात येतात. टोक पिवळं असेल ते घ्या, हिरवं टोक म्हणजे ऊन लागलंय, कडू निघतं. सोलल्यावर निम्मंही उरत नाही हे धरून भाव बघा. आधी उकळून पाणी ओता, मग भाजी.

सोयाबीनची गल्ली

माझ्या मते शाकाहारी माणसानं सगळ्यात जास्त वेळ इथं घालवावा. सांगली-कोल्हापूरकडं सोयाबीन आपण पोत्यानं पिकवतो, गिरणीला घालतो आणि भाव पडला की शिव्या देतो. तिथं त्याच दाण्याचे वीस प्रकार एका गाळ्यावर मांडलेले असतात. उन्हाळ्यात ओल्या लवदार शेंगा, ‘माओ-दोउ’, मिठाच्या पाण्यात उकडून ओल्या भुईमुगासारख्या खायच्या. ‘नन दोउफू’ म्हणजे थरथरता मऊ तोफू (सोयाबीनच्या दुधाचा), आपल्या फोडणीत त्याचा चुरा होतो. आपल्याला हवा ‘लाओ दोउफू’, घट्ट. त्याहून घट्ट ‘दोउफू-गान’, त्याला पनीर समजा. चौकोनी तुकडे तेलात परतून वर कांदा-लसूण मसाला घातला की घरात सांगलीचा वास सुटतो. ‘बाय-ये’ म्हणजे कापडासारखे पातळ पत्रे, त्यांच्या शेवया कापून देतात. ‘सू-जी’ याचा अर्थ ‘शाकाहारी कोंबडी’. घाबरू नका, बाय-येचीच घट्ट वळकटी असते.

ताजेपणा नाकानं बघायचा. चांगल्या तोफूला भिजवलेल्या डाळीचा मंद वास असतो. आंबूस आला किंवा बोटाला बुळबुळ लागली तर पुढं चला. ज्या पाण्यात ठेवलाय ते पाणी दुधाळ-गढूळ नको. वजन करताना पिशवीतलं पाणी निथळायला सांगा. शब्द येत नसेल तर पिशवी तिरकी धरल्याचा अभिनय करा.

आता सावधगिरी. त्याच गाळ्यावर, तसल्याच पाण्यात, तांबूस-तपकिरी गुळगुळीत वड्या दिसतील. तो तोफू नाही, गोठवलेलं बदकाचं रक्त आहे. मी एकदा कौतुकानं दोन उचलल्या होत्या. शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडं बघून हातानं बदकासारखी चोच केली आणि गळ्यावरून बोट फिरवलं. तिचे उपकार. करड्या, बारीक काळ्या ठिपक्यांच्या वड्या मात्र चालतात. तो ‘मोयू’, आपल्या सुरणाच्या कुळातल्या कंदाचा.

शाकाहारी असाल तर ‘वो छ्र सू’ हे तीन शब्द पाठ करा : मी शाकाहार घेते. आणि ‘रोउ’ म्हणजे मांस असलं तरी नुसतं ‘रोउ’ म्हटलं की डुकराचंच धरतात. बाजारातल्या शिजवलेल्या पदार्थांच्या गाळ्यावर भाजीतही डुकराची चरबी घातलेली असू शकते, तेव्हा तयार पदार्थ विचारून घ्या.

मासे-मटण, थोडक्यात

घरी नवरा खातो, म्हणून एवढंच. मासे टाकीत जिवंत. आपल्या तलावांत सोडतात ते गवत्या आणि चंदेरा हे मूळ त्याच बाजूचे, तिथं भरपूर मिळतात. बोट दाखवा, ते पकडून, वजन करून, मारून, साफ करून देतात, वेगळे पैसे नाहीत. वजनाच्या पिशवीत पाणी राहिलं नाही ना ते बघा. टाकीत तळाशी कडेला एकटा पडलेला मासा घेऊ नका, मध्ये पोहणारा घ्या. शरदात जवळच्या यांगछंग तळ्याचे खेकडे दोरीनं बांधून येतात. जाडजूड ओली दोरी दिसली तर तुम्ही दोरी विकत घेताय. चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी घ्यावी आणि दहाव्यात नर, असं तिथले लोक सांगतात.

‘यांग रोउ’ म्हणजे बोकडाचंही आणि मेंढीचंही. बोकडाचं हवं तर ‘शान-यांग’ म्हणायचं. आम्ही गेलो तेव्हा मांसाच्या गाळ्यांवर तांबडे दिवे असायचे, त्यांत तीन दिवसांचं मांसही गुलाबी दिसे. रंग फसवणाऱ्या असल्या दिव्यांवर 1 डिसेंबर 2023 पासून बंदी आली आणि आमच्या मंडईत ते बदलून पांढरे झाले. कुठं अजून तांबडा दिवा दिसला तर मांस उजेडात आणून बघा.

ऊस

सांगलीच्या माणसानं उसाबद्दल दुसऱ्याकडून शिकावं म्हणजे कमीपणाच, पण शिकले. हिवाळ्यात बाजाराच्या दाराशी काळ्या-जांभळ्या सालीचा, मनगटाएवढा ऊस सोलून, तुकडे करून विकतात. मऊ आणि रसाळ असतो. जानेवारीपर्यंत खुशाल खा. पुढं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये साठवलेला ऊस विकायला येतो. त्याला आतून बुरशी लागली तर तिचं विष मेंदूवर जातं. ‘छिंगमिंगचा ऊस सापाहून जहरी’ अशी त्यांची म्हणच आहे, छिंगमिंग हा त्यांचा पितरांचा सण, एप्रिलच्या सुरुवातीला येतो. कांडं आतून लालसर-तपकिरी निघालं, आंबूस किंवा दारूसारखा वास आला, तर तोंडाला लावू नका. आधीच कापून ठेवलेले तुकडे घेऊ नका, डोळ्यांसमोर कापून घ्या.

एक गाळा धरा

चार महिने फिरून झाल्यावर मी त्या न्यायाच्या काट्यावर नेणाऱ्या बाईचीच झाले. तिथं मावशीच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात. पहिल्यांदा तोंडातून निघालं तेव्हा मला कसंतरीच झालं, कारण समोर काटा, मागं भाजी, आणि मी ‘आयी’ म्हणतेय. ती मला ‘यिन्दू’ म्हणायची, म्हणजे भारत. मी रोज जाते आणि उलटसुलट करून सगळं चिवडत नाही हे तिला कळल्यावर तीच चिवडायला लागली. मी उचललेलं कारलं काढून घ्यायची, मागच्या टोपलीतलं द्यायची. मेथी मिळत नाही म्हणून मी तिला फोनवर चित्र दाखवलं, तर तिनं पंधरा दिवसांनी लसूणघासासारख्या एका तीन पानी भाजीची जुडी आणून ठेवली, ‘हीच ना?’ नव्हती. पण घेतली, आणि लसणीवर परतून खाल्ली, झकास झाली.

एक शेवटची गोष्ट, कारण हिच्यात आम्ही उपाशी राहता राहता वाचलो. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष येतं. आधीचा आठवडा भाव चढतात आणि मंडईत पाय ठेवायला जागा नसते. मग एका सकाळी बघावं तर गाळ्यांवर ताडपत्र्या. आमची आयी आन्हुई प्रांतात गावी गेली ती पंधरा दिवस आली नाही. आमच्या घरात तेव्हा दोन कांदे आणि अर्धी कोबी होती. तेव्हा आठवडाभर आधीच बटाटे, कांदे, मुळे, कोहळ्याची मोठी चकती आणि लांबट चिनी कोबीचे दोन-तीन गड्डे आणून ठेवा. हा कोबी कागदात गुंडाळून थंड गॅलरीत उभा ठेवला तर तीन आठवडे सहज टिकतो. बाहेरचं एक एक पान सुकतं, ते काढत जायचं.